नव्या माणसासाठी एक कागद

नवीन माणूस रुजू झाला की त्याचे पहिले चार दिवस ‘विचारू की नको’ यातच जातात. प्रिंटरचे कागद कुठल्या कपाटात, चहाचे पैसे कोण गोळा करतं, रजेचा मेल कुणाला टाकायचा... असलं साहेबांना विचारायला संकोच वाटतो.

आमच्याकडे चालणारी युक्ती:

१. सर्वांत शेवटी रुजू झालेल्यालाच नव्याचा सोबती करा. दहा वर्षं झालेल्याला आपण कुठे अडलो होतो ते आठवत नाही. याच्या डोक्यात सगळं ताजं असतं.

२. या सोबत्याने स्वतःला पडलेले दहा-बारा प्रश्न उत्तरांसह एका कागदावर लिहायचे. आमच्या कागदाची पहिली ओळ आहे: ‘मीटिंग रूमचं दार ओढायचं, ढकलायचं नाही.’ (हसू नका, सगळ्यांनीच ढकललंय.)

३. महिन्याभराने नव्याने त्यात आपली भर घालायची आणि कागद पुढच्यासाठी ठेवायचा.

४. डबा आणायचा की कॅन्टीनमध्ये जेवायचं, हे नव्याला आदल्या दिवशीच कळवा.

आधी कुठे नोकरी केली असेल तर पीएफचा जुना १२ अंकी यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर) पहिल्याच दिवशी मागून घ्या. चुकून दुसरा नंबर निघाला, तर नंतर निस्तरताना नाकीनऊ येतात.

जपायचं एवढंच: कागदावर पासवर्ड नकोत, आणि ‘अमक्यापासून सांभाळून’ असले शेरेही नकोत. कागद त्या अमक्याच्या टेबलावरही पोचतो.