पुस्तकाच्या आधाराने कुत्र्याला क्रीडा-आज्ञापालन शिकवताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात श्वानक्रीडेचा जाणता प्रशिक्षक हाताशी असेलच असे नाही. त्यामुळे आपल्या जर्मन शेफर्डला, डॉबरमनला किंवा मुधोळला आज्ञापालनाचे प्रकार शिकवू पाहणाऱ्याला पुष्कळदा पुस्तकाच्याच भरवशावर सुरुवात करावी लागते. हे जमण्यासारखे आहे, मात्र एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. पुस्तकात प्रत्येक प्रकार पूर्णत्वाला गेलेल्या रूपात आणि बहुधा परीक्षेच्या क्रमाने मांडलेला असतो. शिकवण्याचा क्रम त्याहून वेगळा असतो आणि तो आपल्यालाच लावावा लागतो.

प्रथम पुस्तक कोणत्या वर्षीचे आहे ते पाहावे. एफसीआय या श्वानांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ज्या परीक्षेला पूर्वी आयपीओ म्हणत, तिचे नाव २०१९ पासून आयजीपी झाले. त्याआधीच्या पुस्तकांतील नियमांवर विसंबू नये, चालू नियमावली वेगळी मिळवावी. शिकवण्याची पद्धत जुन्या पुस्तकातून घेता येते, पण गळ्यातल्या साखळीला हिसके देऊन चूक सुधारण्याची जी पाने त्यांत असतात, ती खुशाल सोडून द्यावीत. त्या पानांनी कुत्रा कदाचित आज्ञा पाळेल; पण मान खाली घालून, शेपूट दाबून चालणाऱ्या कुत्र्याला परीक्षकही चांगले गुण देत नाही.

आयजीपीत आज्ञापालन हा 'बी' विभाग असून त्याला १०० गुण असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० लागतात. पायाशी चालणे, चालता चालता बसवणे व आडवे करणे, डंबेल (तोंडात धरून आणायचा, दोन्ही टोकांना जाड असलेला लाकडी दांडा) आणून देणे, अडथळा आणि उतरती भिंत ओलांडणे, पुढे धावत पाठवणे आणि दूर पडून राहणे हे त्यातील मुख्य प्रकार. एवढी यादी वाचून गोंधळ होतो. माझ्या मते सुरुवातीला तीनच गोष्टी उचलाव्यात: डाव्या पायाशी योग्य जागा, डंबेल शांतपणे धरणे आणि आडवे होणे. उड्या तर कुत्र्याची हाडे पक्की होईपर्यंत, म्हणजे मोठ्या जातींत साधारण दीड वर्षापर्यंत, लांबच ठेवाव्यात.

पायाशी चालण्याविषयी पुस्तक सांगते की कुत्र्याचा खांदा आपल्या डाव्या गुडघ्याच्या रेषेत हवा. हे वाक्य मैदानावर आणताना कंपाउंडच्या भिंतीचा उपयोग करावा. भिंत आपल्या डावीकडे ठेवून मध्ये कुत्रा मावेल एवढीच जागा सोडावी, म्हणजे त्याचा मागचा भाग बाहेर सरकत नाही. उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचे नखाएवढे तुकडे डाव्या हातात घ्यावेत; खांदा रेषेत येऊन नजर वर वळली की त्याच क्षणी ठरलेला एक शब्द उच्चारावा आणि तुकडा विजारीच्या डाव्या शिवणीला टेकवूनच द्यावा. उजव्या हाताने पोटासमोरून तुकडा दिला, तर कुत्रा हळूहळू पुढे सरकून आपल्या पायांत आडवा येऊ लागतो, कारण बक्षीस जिथे मिळते तिकडेच त्याचे अंग झुकते. (बेळगावचा कुंदा कितीही आवडला तरी तो बक्षीस म्हणून देऊ नये, एवढी साखर कुत्र्याला मानवत नाही.)

डंबेलच्या बाबतीत फेकून आणायला लावण्याची घाई बहुतेक जण करतात आणि मग कुत्रा ते चावत, उडवत आणतो. धरणे आधी, आणणे नंतर. कातकाम करणाऱ्या सुताराकडून लाकडी डंबेल करून घ्यावे. आयजीपीच्या पहिल्या पातळीला ६५० ग्रॅम वजन लागते, पण शिकवण्यासाठी त्याहून हलके चालेल. मधला दांडा जमिनीपासून किमान ४ सेंटीमीटर वर राहील असे पाहावे, नाहीतर खालचा जबडा त्याखाली शिरत नाही. सोप्यात कुत्र्याला समोर बसवून दांडा तोंडात द्यावा; तो सुळ्यांमागे नीट बसला आणि जबडा स्थिर राहिला, तर एका क्षणातच तो आपल्या हातात घ्यावा व बक्षीस द्यावे. वेळ हळूहळू वाढवावा. पावसाळ्यात खानापूरकडे मैदाने हाती लागत नाहीत, तेव्हा हे काम घरात उत्तम होते.

पुस्तकाशेजारी एक वही हवीच. दर वेळी एकच कसोटी लिहावी, जसे की 'आज फक्त सरळ बसणे', आणि दहापैकी आठ वेळा ती साधल्यावरच पुढची घ्यावी. आज्ञांचे शब्दही त्याच वहीत लिहून घरातल्या सर्वांना दाखवावेत. आपल्याकडे घरात मराठी आणि शेजारी कन्नड, त्यामुळे बसवण्यासाठी 'बस' आणि बोलावण्यासाठी 'बा' असे जवळचे आवाज सहज वापरले जातात. कुत्र्याला ते वेगळे ओळखणे अवघड जाते. पुस्तकातले जर्मन शब्द घेतले तरी हरकत नाही.

मुधोळ पाळणाऱ्याने पुस्तक थोडे सैल हाताने वापरावे. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला हा कुत्रा नजरेने शिकार करणारा आहे, आणि पुस्तके बहुधा शेफर्ड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. त्याची कातडी पातळ व अंग सडपातळ असल्याने खडकाळ जमिनीवर तो आडवा होत नाही; तिथे आज्ञा वाढवण्यापेक्षा खाली पोते टाकावे. दूर ससा दिसला की त्याचे कान बंद होतात, म्हणून मोकळ्या रानात लांब दोर बांधूनच सराव करावा.

जागा निवडताना ऊस तोडलेले शेत टाळावे, कारण बुडखे पंजात घुसतात. पावसानंतरच्या माळावर सराव झाला तर बोटांमधली कुसळे व गोचीड रोज तपासावेत. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत काम संपवावे.

सुटे तुकडे पक्के झाल्यावर घरातल्या एखाद्याच्या हाती नियमावली द्यावी आणि त्याने परीक्षकाप्रमाणे त्या प्रकाराचे वर्णन मोठ्याने वाचत आपले चालणे, वळणे, थांबणे ताडून पाहावे. अनेकदा असे दिसते की कुत्रा बरोबर असतो, पण मालकच आज्ञेसोबत नकळत खांदा वाकवतो किंवा हात हलवतो, आणि त्याचे गुण कापले जातात. ही तालीम नेहमीच्या नव्हे तर अनोळखी मैदानावर करावी. तिथे जो तुकडा निखळेल, त्याच्यापुढे वहीत खूण करून दुसऱ्या दिवशी त्या तुकड्यापासून सराव सुरू करावा.