मळीच्या टाकीवर रडार लेव्हल ट्रान्समीटर कसा बसवावा

साखर कारखान्यात मळीच्या टाकीची पातळी मोजायला अजूनही कुणी ना कुणी अल्ट्रासॉनिक, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून मोजणारं उपकरण, सुचवतो. ऐकू नका. मळीवरचा फेस आवाज शोषून घेतो, आणि उन्हाने पत्रा तापला की आतल्या हवेत आवाजाचा वेगही बदलतो. 80 गिगाहर्ट्‌झचा रडार घ्या; तो आवाजाऐवजी रेडिओ लहरी वापरतो.

नोझल, म्हणजे ट्रान्समीटर बसवायचा टाकीच्या छतावरचा छोटा पाइप, भिंतीपासून टाकीच्या व्यासाच्या साधारण सहाव्या हिश्श्यावर ठेवा. बरोबर मध्यावर किंवा मळी पडते त्या पाइपजवळ नको. रडारचा चार अंशांचा बीम (लहरींचा झोत) 10 मीटर खाली जाईपर्यंत 70 सेंटिमीटर रुंद होतो. तेवढ्या जागेत शिडी येता कामा नये. नोझल आखूड ठेवा आणि वेल्डिंगची आतली कड घासून घ्या. फ्लँज (जोडणीची चकती) स्पिरिट लेव्हल लावून बसवा, वायर जोडा, रिकाम्या टाकीला 4 आणि भरलेल्या टाकीला 20 मिलिअँपिअर आउटपुट सिग्नल सेट करा.

आता मॅपिंग. शिडी, पाइप यांचे खोटे इको (आपटून परत येणाऱ्या लहरी) ट्रान्समीटरला ओळखायला लावून गाळायचे, एवढंच हे काम. पण मेनूमध्ये कुठपर्यंत मॅपिंग करायचं ते अंतर विचारलं की बरेच जण पूर्ण उंची टाकतात. मीही टाकली होती. टाकी अर्धी भरलेली होती, त्यामुळे मळीचा खरा इकोसुद्धा खोट्यांत जमा झाला. पुढे मळी त्या पातळीला आली की आकडा जागीच थांबायचा. मी दोन दिवस केबल तपासत बसलो, आणि रात्रपाळीचा ऑपरेटर डिप टेप (टाकीत सोडायची मोजपट्टी) घेऊन अंधारात टाकीवर चढत राहिला. त्याचा पाय घसरला असता तर, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

म्हणून आधी डिप टेपने मोजा, आणि मळीच्या अर्धा मीटर वरपर्यंतच मॅपिंग करा. उरलेलं टाकी रिकामी झाल्यावर. "नंतर बघू" म्हणून ते सोडू नका. मोजताना मॅनहोलमधून डोकं आत घालू नका. आंबलेल्या मळीतून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि माणूस क्षणात कोसळतो.

शेवटी टाकी भरताना तीन पातळ्यांवर डिप आणि स्क्रीन ताडून पाहा. फरक सगळीकडे सारखाच असेल तर रिकाम्या टाकीचं सेट केलेलं अंतर (ट्रान्समीटरपासून तळापर्यंत) चुकलंय. मळी वाढतेय आणि आकडा हलत नाही, तर मॅपिंग पुसून पुन्हा करा.