ब्रिटनच्या थंड मातीत वसंतातली भाजीबाग: काय, कधी आणि कसं लावायचं

एप्रिलमध्ये ब्रिटनच्या दुकानांत टोमॅटो-काकडीची रोपं मांडली जातात आणि दोन दिवस ऊन पडलं की ती जमिनीत लावून टाकायचा मोह होतो. तो टाळा. दक्षिण इंग्लंडमध्येही मेच्या मध्यापर्यंत एखाद्या रात्री फ्रॉस्ट (दव गोठवणारी थंडी) पडू शकतो, स्कॉटलंडमध्ये त्याहून उशिरापर्यंत. म्हणून भाज्यांचे दोन गट आधी पक्के करा. वाटाणा, पालक, मेथी, गाजर, कांदा हलका फ्रॉस्ट सोसतात. टोमॅटो, मिरची, फरसबी, दुधी, काकडी आणि मका एका रात्रीत काळे पडतात. बटाटा मधला: कंद जमिनीत सुरक्षित असतो, वर आलेले कोंब मात्र करपतात.

आधी वाफसा, मग पेरणी

हिवाळाभर भिजलेली चिकणमाती वरून कोरडी दिसली तरी आत गच्च ओली असते. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटानं टोचा. गोळा फुटला तर वाफसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी सुकली. गोळा तसाच चिकटून राहिला तर आठवडाभर थांबा. ओल्या मातीत पाय दिलात तर ती दबते, हवा निघून जाते आणि बी कुजतं. म्हणून वाफे 1.2 मीटरच रुंद ठेवा, म्हणजे आत पाय न टाकता दोन्ही बाजूंनी हात पोचतो. वर 5 सेंमी कुजलेलं कंपोस्ट पसरलं की पुरे, खोल खणत बसू नका. गाजराच्या वाफ्यात ताजं शेणखत अजिबात नको, मुळांना फाटे फुटतात.

आता मातीचा थर्मामीटर. सकाळी 9 च्या सुमारास 5 ते 10 सेंमी खोल खुपसून आठवडाभर नोंद ठेवा. सलग 7 अंश मिळू लागले की पहिल्या गटाची पेरणी सुरू करा. फरसबीला निदान 12 अंश हवेत. बियांच्या पाकिटावरचा महिना साऱ्या देशासाठी छापलेला असतो, तुमच्या परसासाठी नाही. पेरणीआधी दोन-तीन आठवडे वाफ्यावर काळं प्लास्टिक अंथरलं तर माती थोडी लवकर तापते.

मार्च-एप्रिल

बटाट्याचं बेणं प्रमाणित रोगमुक्तच घ्या. फेब्रुवारीत ते अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळे वर करून उजेडाच्या, थंड पण न गोठणाऱ्या जागी ठेवा. 2 ते 3 सेंमीचे जाड कोंब आले की मार्चअखेर लवकर येणारे वाण 12 ते 15 सेंमी खोल, 30 सेंमी अंतरावर लावा. ओळींत 60 सेंमी. शेंडे 20 सेंमी झाले की भर लावा, म्हणजे बुंध्याशी माती चढवा. फ्रॉस्टचा अंदाज असेल त्या संध्याकाळी कोंब मातीनं किंवा फ्लीसनं (रोपं झाकायच्या हलक्या कापडानं) झाका.

वाटाणा 5 सेंमी खोल पेरा आणि काटक्यांचा आधार त्याच दिवशी रोवा. उगवलाच नाही, तर बहुधा बी उंदरांनी खाल्लेलं असतं. तिथं घरात कुंडीत रोपं करून लावणं बरं. गाजर 1 सेंमी खोल, जागेवरच. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर वरची माती वाळू देऊ नका. विरळणी करताना सुटणाऱ्या वासानं गाजरमाशी येते, म्हणून बी आधीच पातळ टाका आणि वाफ्यावर बारीक जाळी घाला.

कांद्याची छोटी बेणं-कांदी 10 सेंमी अंतरावर, टोक जेमतेम दिसेल अशी लावा. बी भारतातून आणू नका. आपल्याकडचे वाण लहान दिवसांचे; इथल्या लांब दिवसांत रोप पोसायच्या आतच कांदा धरतो आणि गोटीएवढा राहतो.

दिवसाची लांबी हीच पालेभाज्यांचीही खरी अडचण आहे. जूनमध्ये लंडनचा दिवस साडेसोळा तासांचा होतो, पुण्याचा सव्वातेराच्या आसपासच राहतो. त्यामुळे पालक मार्च-एप्रिलमध्ये पेरून जूनच्या आत संपवायचा. नंतर पेरलेला पानं धरायच्या आधीच फुलावर जातो. उन्हाळ्यासाठी त्याच्या जागी चार्ड (पालकासारखी पालेभाजी) लावा. कोथिंबीर जागेवरच, दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी, अर्ध्या सावलीत. रोप उपटून दुसरीकडे लावलं की लगेच फुलते. मेथी एप्रिलपासून दाट पेरा आणि वीतभर होताच काढा. मोठा पांढरा मुळा वसंतात पेरलात तर नुसत्या डिंगऱ्याच मिळतील. तो जुलै-ऑगस्टचा. तोवर लाल छोटे मुळे आहेतच.

खिडकीतली रोपं

मिरचीचं बी फेब्रुवारीत, टोमॅटोचं मार्चच्या मध्यात, फरसबी आणि दुधी-काकडी एप्रिलअखेर. उगवण्यापुरती ऊब हवी: टोमॅटोला 20, मिरचीला 25 अंशांच्या आसपास. उगवल्यावर मात्र उजेड जास्त आणि ऊब कमी. रेडिएटरशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात रोपं सुतासारखी लांबतात आणि आडवी होतात.

बाहेर लावण्याआधी 10 ते 14 दिवस रोपं सरावायला हवीत. पहिले दिवस सावलीत दोन-तीन तास, मग दिवसभर, शेवटी रात्रीही बाहेर. ही पायरी गाळली की पानं पांढरी पडतात आणि रोप दोन आठवडे जागचं हलत नाही. दक्षिणेत मेअखेर, उत्तरेत जूनमध्ये लावा. दुधीला उघड्यावर इथली ऊब सहसा पुरत नाही, त्याला काचघर किंवा पॉलिटनेलच (प्लास्टिकनं झाकलेला बोगदा) हवं.

गोगलगायी

सर्वांत जास्त रोपं थंडी नाही, बिनशंखाच्या गोगलगायी मारतात. रोपं बोटभर असताना जेवढी खातात तेवढी पुढे कधी नाही. पाणी संध्याकाळी नव्हे, सकाळी घाला. रात्रीची ओली माती त्यांना हवीच असते. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचणं सर्वांत परिणामकारक. गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांच्या बाहेरील वापरावर ग्रेट ब्रिटनमध्ये 2022 पासून बंदी आहे, जुनं पाकीट गॅरेजमध्ये सापडलं तरी वापरू नका. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, त्याही ढीग न करता विरळ टाकायच्या.