अतिवृष्टी अनुदानाची यादी कशी तपासावी, आणि मिळत नसेल तर कशी मागावी

अनुदान खात्यात आले नाही म्हणून तहसील कार्यालयात चकरा मारण्यापूर्वी आपले नाव नेमके कोणत्या टप्प्यावर अडले आहे, हे शोधावे. पंचनामा, यादी, आधार पडताळणी आणि बँक असे हे चार टप्पे असून प्रत्येक ठिकाणी विचारायचा प्रश्न वेगळा असतो.

सुरुवात बांधावर होते. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक हे संयुक्त पंचनामा करतात, आणि मदतीसाठी पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. त्या वेळी शेतात हजर राहावे, गट क्रमांक, पीक आणि बाधित क्षेत्र काय लिहिले ते वाचावे आणि सही करण्यापूर्वी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढावा. पुढे वाद झाला तर हाच फोटो कामी येतो.

मग आपली रक्कम स्वतः काढावी. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषांनुसार जिरायत पिकांना हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये दर असून मर्यादा दोन हेक्टरची आहे. २०२५ च्या खरिपासाठी राज्याने ती तीन हेक्टरपर्यंत वाढवली. म्हणजे ८० आर जिरायत सोयाबीन वाहून गेले असेल, तर यादीत ०.८० हेक्टर आणि ६,८०० रुपये दिसले पाहिजेत. आकडा कमी असेल तर क्षेत्र घटले आहे की बागायत पीक जिरायत म्हणून नोंदले गेले आहे, हे पाहावे. दर शासन निर्णयाने बदलतात, त्यामुळे त्या हंगामाचा निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा.

यादी तपासताना केवळ आपली ओळ पाहून थांबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. गावची यादी चावडीवर लावावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, अशी लेखी मागणी करावी. कोणाच्या नावावर किती जमीन आहे हे गावाला ठाऊक असते, त्यामुळे नसलेली जमीन किंवा दोनदा आलेले नाव तिथे लगेच लक्षात येते. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील अनुदान वाटपाचा गैरव्यवहार २०२५ मध्ये गाजला आणि तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. तो पैसा खऱ्या नुकसानग्रस्तांच्या नावाने आलेला होता. मात्र जाहीर यादीत नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि रक्कम एवढेच असावे. आधार आणि बँक खात्याचे क्रमांक भिंतीवर लावण्याची काहीही गरज नाही.

नाव यादीत असूनही पैसे आले नसतील, तर यादीत आपल्या नावाला दिलेला ‘विशिष्ट क्रमांक’, ज्याला गावात ‘व्हीके नंबर’ म्हणतात, तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी म्हणजे आधार पडताळणी झाली आहे का, ते विचारावे. शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना २०२५ मध्ये यातून सूट मिळाली. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि पुष्कळदा शेतकरी जिल्हा बँकेचे पासबुक भरून पाहत राहतो, तर रक्कम भलत्याच बँकेत, कधीतरी उघडून विसरलेल्या खात्यात पडलेली असते. सामायिक गट असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र आणि खातेदार मयत असेल तर वारसनोंद, यांवाचून काम पुढे सरकत नाही. बँकेने ही रक्कम कर्जखात्यात वळती केली असेल, तर तसे करण्यास मनाई करणारा शासन निर्णय जोडून शाखेत आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्यावी.

इतके करूनही कोणी यादी दाखवत नसेल, तर माहितीचा अधिकार वापरावा. २००५ च्या या कायद्याच्या कलम ४ नुसार अनुदान योजनांतील रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने मागणीची वाट न पाहता प्रसिद्ध करायचा असतो. तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत अर्ज करावा. ‘अनुदान का मिळाले नाही?’ असे न विचारता ‘आमच्या गावची खरीप २०२५ ची मंजूर यादी, माझ्या गटाच्या पंचनाम्याची प्रत आणि वितरित रकमेचा तपशील द्यावा’ असे लिहावे, कारण कायद्याने कागद मिळतो, कारणमीमांसा मिळेलच असे नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर त्यापुढील ३० दिवसांत त्याच शिक्क्याची प्रत जोडून पहिले अपील दाखल करावे.