बंपर, दरवाजा, गिअरबॉक्स: जुने पार्ट परगावी पाठवताना

इंदूरला लोहामंडीजवळ आमचं जुन्या गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे. पार्ट उतरवणं आणि तपासणं हे दादाचं काम. पार्ट नीट बांधून पुणे, नागपूर, कोल्हापूरला पोचता करणं माझं. मागणारे बहुतेक असे असतात की ज्यांच्या गाडीचा पार्ट आता शोरूमला मिळत नाही: मारुती ८००, जुनी झेन, कॉन्टेसा. एवढी शोधाशोध करून मिळालेला बंपर वाटेत तडकला तर त्या माणसाने दुसरा कुठून आणायचा? म्हणून पॅकिंगच्या बाबतीत मी हात आखडता घेत नाही.

माल चालत्या ट्रकमध्ये क्वचित मोडतो. मोडतो तो चढवता-उतरवताना. आमच्या दुकानातून लोडिंग रिक्षात, रिक्षातून ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये, तिथून ट्रकमध्ये, मग सेंधवा, धुळे, नाशिक करत पुण्याच्या गोडाऊनला, आणि कधी तिथून पुन्हा छोट्या गाडीत. प्रत्येक ठिकाणी उचलणारा हमाल वेगळा. त्याला शंभर नग उतरवायचे असतात, आपल्या पार्सलची कहाणी ऐकायला त्याला वेळ नसतो. त्यामुळे बांधतानाच स्वतःला विचारायचं: हे कुठे धरून उचलतील, कसं टेकवतील, आणि यावर काय ठेवतील? या तिन्हीचं उत्तर पॅकिंगमध्ये असलं पाहिजे.

आधी गिऱ्हाइकाशी पक्कं बोलून घ्या. डावा-उजवा हा ड्रायव्हरच्या सीटवर बसून धरायचा, गाडीसमोर उभं राहून नाही. हे मी प्रत्येकाला सांगते, समोरचा मेकॅनिक असला तरी. "काका, तुमच्या जुन्या पार्टच्या मागच्या बाजूचा नंबर दिसेल असा फोटो पाठवा," एवढं म्हटलं की निम्मे घोळ तिथेच मिटतात. मग पार्ट धुऊन, पुसून, चारी बाजूंनी फोटो काढा. जो ओरखडा आधीपासून आहे, त्याचा जवळून फोटो काढून पैसे घेण्याआधीच पाठवा.

त्यानंतर माप घ्या, कारण भाडं मापावर ठरतं. बहुतेक कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि ५००० ने भागतात. येईल तो आकडा आणि खरं वजन, यातलं जे जास्त ते धरतात. बंपरचा खोका १७० बाय ५५ बाय ४५ चा झाला तर ८४ किलोचे पैसे लागतात, आणि बंपर स्वतः जेमतेम पाच-सात किलोचा. तेच हेडलाइट ६० बाय ४५ बाय ३५ च्या खोक्यात बसली तर १९ किलो. म्हणून हेडलाइट, आरसा, मीटर कुरिअरने. बंपर, बॉनेट, दरवाजा, गिअरबॉक्स ट्रान्सपोर्टने. तिथेही जागेचा हिशेब होतोच, पण परवडतो.

बंपरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. जाळी, फॉग लाइट, नंबर प्लेटची पट्टी आधी काढून घ्या. स्क्रू आणि क्लिपा एका पिशवीत भरून ती पिशवी बंपरच्या आतल्या बाजूला बांधा. बाहेरून चिकटवली तर पोचत नाही. बंपर धनुष्यासारखा वाकलेला असतो आणि त्याची दोन्ही टोकं मोकळी. दोन टोकांवर दाब आला की मधोमध तडा जातो किंवा फेंडरला अडकणारे कान तुटतात. उपाय साधा आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेमकी बसेल अशी लाकडी पट्टी कापायची, तिच्या दोन्ही कडांना फोम गुंडाळायचा आणि आतून आडवी बांधून टाकायची. मग टोकं आतही येत नाहीत, बाहेरही फाकत नाहीत. कानांवर जाड फोमचे तुकडे. त्यावर स्ट्रेच फिल्म (ताणून गुंडाळायचं पातळ प्लास्टिक), मग बबल रॅप, मग कोरूगेटेड रोलचे (नालीदार पुठ्ठ्याचे) दोन थर, सर्वांत वर गोणपाट. पट्टीपाशी सुतळीच्या दोरीचे दोन फास ठेवा. हमाल आपोआप तिथे धरतो.

टेपबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रंगावर टेप थेट लावू नका. मे महिन्यात बंद ट्रकमध्ये जी गरमी होते तिच्यात गोंद वितळून रंगाला धरतो, आणि पुन्हा मारलेला रंग असेल तर टेपबरोबर सालपटासारखा निघून येतो. आधी फिल्म, टेप फिल्मवर.

दरवाजा पाठवताना काच पूर्ण खाली घ्या. पॉवर विंडो असेल तर बॅटरीच्या दोन वायरी जोडून खाली करा, आणि वरच्या फटीत रबर किंवा फोम दाबून बसवा म्हणजे आत काच खडखडणार नाही. आरसा आणि बाहेरचं हँडल काढून वेगळं द्या. वायरिंगचा जोड सुटा लोंबत ठेवू नका, आत गुंडाळून बांधा. बाहेरच्या पत्र्यावर थर्माकोलची पूर्ण शीट, आणि खालच्या कडेला दोन लाकडी फळ्या, म्हणजे तो त्यांच्यावर उभा राहतो. बॉनेटही उभंच. आडवं ठेवलेलं बॉनेट म्हणजे गोडाऊनमध्ये मोकळा ओटा. त्यावर कुणीतरी पंख्याच्या मोटारीची पेटी ठेवणारच. त्याच्या चार कोपऱ्यांना मी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दुहेरी करून चढवते. पंक्चरवाल्याकडे सहज मिळतात आणि पुठ्ठ्यासारखे पावसात भिजून गळत नाहीत.

हेडलाइटला खोक्यात खोका. आतल्या आणि बाहेरच्या खोक्यामध्ये सगळीकडून चार बोटं भरण हवं. काचेवर आधी मऊ कापड, कारण बबलमध्ये अडकलेली धूळही प्लास्टिकच्या लेन्सवर रेघा पाडते. विंडशील्ड मी पाठवतच नाही, तुमच्या शहरातच शोधा असं स्पष्ट सांगते.

गिअरबॉक्स आणि इंजिनाला सगळं तेल काढणं आलं. एक रात्र तिरकं ठेवून निथळू द्या, नाहीतर दुसऱ्याच्या कापडाच्या गाठीवर तेल सांडतं आणि भरपाई तुमच्याकडे मागतात. एक्सलची भोकं, इनटेक, पाण्याचे पाइप, सगळी तोंडं स्वच्छ चिंधी कोंबून वर प्लास्टिक बांधून बंद करा. चिंधी बाहेरून दिसेल अशी ठेवा आणि गिऱ्हाइकाला कळवा, नाहीतर ती आतच राहील. इंजिन तेलाच्या चेंबरवर कधी टेकवू नका. खाली जुना टायर, त्याच्याखाली लाकडी पॅलेट, आणि इंजिन माउंटिंगच्या भोकांतून बोल्टने पॅलेटला आवळलेलं. नुसत्या पट्ट्यांवर विसंबू नका, बिजासनच्या घाटात त्या ढिल्या होतात. इंजिनासोबत बिल आणि ते ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत द्या. बदललेला इंजिन नंबर गिऱ्हाइकाला आरटीओत नोंदवावा लागतो, आणि कागदाशिवाय ते इंजिन त्याच्या अंगणात पडून राहतं.

काही वस्तू पाठवूच नका. एअरबॅगमध्ये स्फोटक चार्ज असतो; स्टिअरिंग विकायचं तर ती काढून. तेजाबाची बॅटरी नाही. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते, तेव्हा झाकण उघडं ठेवून पूर्ण सुकल्याशिवाय ती बांधायलाही घेऊ नका.

वरचं गोणपाट दाभणाने शिवून घ्या. शिवलेला नग कुणी वाटेत उघडला तर लगेच कळतं. मार्का मोठ्या अक्षरात, पक्क्या शाईने, दोन बाजूंना: गाव, घेणाऱ्याचं नाव, मोबाइल, एकूण नगांपैकी कितवा. इंग्रजी सूचनांचा इथे उपयोग नाही. "खड़ा रखें" असं हिंदीत लिहा आणि वर जाणारा जाड बाण काढा. काचेचा माल असेल तर पेल्याचं चित्र. पावसाळ्यात गोणपाटाच्या आत एक अखंड प्लास्टिक, तोंड खालच्या बाजूला.

आता बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची ट्रान्सपोर्टची पावती. "जुना सामान" एवढंच लिहून घेऊ नका. पार्टचं नाव, नगांची संख्या आणि किंमत लिहायला लावा. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद, लागतं. त्याची मुदत ट्रकचा नंबर भरल्यापासून सुरू होते, २०० किलोमीटरला एक दिवस, तेव्हा ट्रक ठरल्यावरच नंबर भरा. भाडं आधी भरलंय की टू-पे (माल घेताना द्यायचं), हमाली कोण देणार आणि डिलिव्हरी घरपोच की गोडाऊनवर, हे गिऱ्हाइकाला लिहून पाठवा. गोडाऊनवर माल पडून राहिला तर डॅमरेज, म्हणजे ठेवणावळ, चढतं.

किंमत लिहिण्याचा मी इतका आग्रह धरते त्याला कारण आहे. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालील २०११ च्या नियमांप्रमाणे, जादा जोखमीचा दर भरून किंमत जाहीर केली नसेल तर ट्रान्सपोर्टची जबाबदारी भाड्याच्या दहापटीवर थांबते. भाडं ६०० रुपये आणि गिअरबॉक्स १८,००० चा, तर हातात जास्तीत जास्त ६,००० येतील. एकदा एका ट्रान्सपोर्टच्या मुन्शीने बिल्टीवर परस्पर "मालकाची जोखीम", म्हणजे नुकसान झालं तर ते मालवाल्याचं, असा शिक्का मारून दिला. मी काउंटरवरच थांबले, "भिया, दूसरी बनाओ" म्हटलं, आणि नवी बिल्टी घेऊनच निघाले. महागाच्या पार्टला वेगळा ट्रान्झिट विमा काढता येतो. तो मी काढते.

बिल्टीचा फोटो त्याच दिवशी पाठवा. गिऱ्हाइकाला सांगा की नग ताब्यात घेण्याआधी शिवण आणि कोपरे बघा. दबलेला किंवा फाटलेला दिसला तर पोचपावतीवर तसं लिहूनच सही करा, आणि शिवण कापल्यापासून पार्ट हातात येईपर्यंत न थांबवता व्हिडिओ काढा. नुकसानीचा दावा पुढे न्यायचा झाला तर ट्रान्सपोर्टला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पोचावी लागते. तोपर्यंत फोटो, बिल्टी आणि गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं फोनमधून पुसू नका.