मुलाला जंत झाल्याचा संशय आला तर काय करावं?

मूल रात्री झोपेत चुळबुळ करतं, हात सारखा ढुंगणाकडे जातो, सकाळी विचारलं तर "खाजतं" एवढंच सांगतं. अशा वेळी पहिला संशय सूतकृमींचा, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक जंतांचा, घ्यावा. नुसतं झोपेत दात खाण्यावरून जंत ठरवू नका. गोड खाल्ल्यानेही जंत होत नाहीत. त्यांची अंडी तोंडावाटे पोटात गेली की होतात.

आधी खात्री करून घ्या. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन गुदद्वाराभोवती पाहा. साधारण एक सेंटिमीटर लांबीचा, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा किडा वळवळताना दिसला तर शंकाच उरत नाही. ही मादी. अंडी घालायला ती रात्री बाहेर येते, म्हणून खाजही रात्रीच जास्त. काही दिसलं नाही, तर सकाळी उठल्या उठल्या, शी-आंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काचपट्टीवर लावा आणि लॅबमध्ये द्या. असं सलग 3 दिवस करावं. शौचाच्या नेहमीच्या तपासणीत ही अंडी बहुधा सापडत नाहीत, त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल' आला म्हणून गाफील राहू नका.

औषध साधं आहे: अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम किंवा मेबेंडाझोल 100 मिलिग्रॅम, एकच डोस. मूल 2 वर्षांपेक्षा लहान असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका. बाकी घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी डोस घ्यावा.

आता खरी मेख. गोळीने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून 2 आठवड्यांनी दुसरा डोस घ्यावाच लागतो. पहिल्या गोळीने खाज थांबते, सगळे निर्धास्त होतात, दुसरी राहून जाते आणि महिन्याभरात पुन्हा तेच. पहिली गोळी दिली त्याच दिवशी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.

गोळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला आंघोळ घाला, नखं मुळापर्यंत कापा, चड्डी, चादर, टॉवेल गरम पाण्यात धुवा. चादर झटकू मात्र नका! अंडी उडून घरभर पसरतात आणि 2-3 आठवडे तग धरतात. फरशी, खेळणी ओल्या फडक्याने पुसा. पुढचे 2 आठवडे रोज सकाळची आंघोळ आणि धुतलेली चड्डी, आणि शौचानंतर व जेवणाआधी साबणाने हात, नखांखालीसुद्धा. हे सगळं करताना मुलाला कृपा करून रागावू नका. स्वच्छ घरातल्या मुलांनाही जंत होतात, आणि लाजलेलं मूल पुढच्या वेळी खाज लपवतं.

शौचात गांडुळासारखा लांब जंत दिसला, चपटे पांढरे तुकडे पडले किंवा मूल फिकट पडून सारखं थकत असेल, तर जंत वेगळे असू शकतात. तिथे शौच तपासणी करून डॉक्टरांकडूनच औषध घ्या. चपट्या तुकड्यांच्या बाबतीत तर घरच्या घरी प्रयोग नकोच: डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीच्या गाठी मेंदूतही होऊ शकतात, आणि तेव्हा चुकीच्या वेळी दिलेल्या औषधाने झटके येऊ शकतात.

पोट फुगून कडक झालं, हिरवट उलट्या होऊ लागल्या, शौच आणि वारा बंद झाला, तर गोळी देत बसू नका. मोठ्या जंतांचा गुंता आतड्यात अडकलेला असू शकतो. थेट रुग्णालय गाठा.