टर्बो गाडीला भारी क्लच टाकायचाय? यादीत आधी ऑइल सील लिहा

सगळ्यात आधी ऑइल सील. क्रँकचं (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) मागचं, फ्लायव्हीलच्या (त्याच्या टोकाचं जड चाक) पाठीमागे असतं ते. क्लच कुठला घ्यायचा ते नंतर बघू, आधी हे लिहा, कारण मागच्या खेपेला माझ्या यादीत सगळं होतं फक्त हेच नव्हतं आणि नवीकोरी प्लेट तेलात भिजून स्लिप व्हायला (पकड सुटून घसरायला) लागली, गिअरबॉक्स परत खाली.

आता क्लच. हॉर्सपॉवर विसरा, टॉर्क (फिरवण्याचा जोर) बघा. टर्बोत टॉर्क मधल्या आरपीएमलाच एकदम उसळतो आणि क्लच तिथेच सुटतो, वर रेडलाइनला (आरपीएमची वरची मर्यादा) नाही. ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग) झाल्यावर डायनोच्या (ताकद मोजायचं यंत्र) कागदावरचा सगळ्यात उंच टॉर्क घ्या (चाकांवर मोजलेला असेल तर इंजिनचा खरा आकडा त्याहून जास्त असतो, हे धरा) आणि त्यावर १५-२० टक्के ठेवा. म्हणजे इंजिन ५०० न्यूटन मीटर देत असेल तर ६०० च्या आसपास पेलणारा. पुढेमागे मोठा टर्बो टाकीन म्हणून आत्ताच ९०० वाला घेऊ नका, ट्रॅफिकमध्ये पाय गळून पडेल.

नुसती कडक प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) हा स्वस्तातला उपाय, पण तो सगळा दाब पेडल दाबलं की क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो, शिवाय जुना मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारे) किती दिवस टिकणार? बजेट असेल तर ट्विन प्लेट बघा, घर्षणाच्या बाजू दोनाच्या चार होतात, त्यामुळे कमी दाबात तेवढाच टॉर्क पेलतो आणि पेडल माणसासारखं राहतं. पेडल दाबल्यावर खडखडते, ते चालायचंच. मटेरियलचं म्हणाल तर रोजच्या गाडीला ऑरगॅनिक (साध्या गाड्यांत असतं तसलं) जिथपर्यंत पुरतं तिथपर्यंत तेच. सिरॅमिक पकवाली (सलग अस्तराऐवजी सुट्या चकत्या असलेली) प्लेट उष्णता मस्त सोसते पण पकडते झटक्यात, गाडी हळू सरकवताना आचके देते. प्लेटचा मधला हब स्प्रिंगवालाच घ्या, सॉलिड हब रेसवाल्यांसाठी. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मधे स्प्रिंग असलेलं) काढून सिंगल मास लावत असाल तर स्प्रिंगवाला हब हवाच हवा, तरी न्यूट्रलला गिअरबॉक्स थोडा वाजेलच. फार हलकं फ्लायव्हील नको, सिग्नलवर गाडी बंद पडते.

गिअरबॉक्स उतरलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, फोर्क, फ्लायव्हीलचे बोल्ट नवे (ताणून बसवायचे असतील तर जुने परत वापरायचेच नाहीत). आणि सील! मागचं ऑइल सील! मेकॅनिक म्हणेल "कोरडं आहे, चांगलंय, कशाला काढताय", ऐकू नका. आत्ता कोरडं आहे ते जुन्या बूस्टवर (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब). बूस्ट वाढवला की रिंगांतून जास्त गॅस खाली क्रँककेसमध्ये जातो, तिथला दाब वाढतो आणि तेल वाट शोधतं, ती वाट म्हणजे बऱ्याचदा हेच सील. म्हणून ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्वपण (क्रँककेसमधला गॅस बाहेर काढणारे) तपासा, तो तुंबलेला असेल तर नवं सीलही गळणार. सील बसवताना क्रँकवर जिथे सीलची लिप (आतली कडा) घासते तिथे नख फिरवून बघा, खाच लागली तर सील नवं असून उपयोग नाही. टेफ्लॉनची लिप असेल तर सहसा कोरडीच बसवतात, सोबतचा कागद वाचा. आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, तेही क्लचच्या त्याच घरात तेल टाकतं. दोन सील. दोन. क्लचच्या मानाने किंमत काहीच नाही.

बाकी अपग्रेडमध्ये इंधन आधी, बूस्ट नंतर. पंप आणि इंजेक्टर पुरत नसताना बूस्ट वाढवला की मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त), मग नॉकिंग (अवेळी स्फोट), मग पिस्टन जातो. वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा) लावा, अंदाजाने ट्यून नको. मोठा इंटरकूलर, एक पायरी थंड स्पार्क प्लग, त्याची गॅप जरा कमी. इंजिन माउंट.

जोडताना फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट ब्रेक क्लीनरने पुसा, स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या खाचा) ग्रीस अगदी नखभर, अलाइनमेंट टूल, टॉर्क रेंच, गिअर ऑइल, हायड्रॉलिकमधली हवा काढा.

मग रनिंग इन (नवा क्लच हळूहळू बसवणं). बनवणारा सांगेल तेवढं, साधारण ८०० किलोमीटर, तेही शहरातलं थांबत-निघत, हायवेवर एका गिअरात पळवलेलं धरू नका, तिथे क्लच काम करतच नाही. तोवर फुल थ्रॉटल नाही, लाँच (जागेवरून जोरात सुटणं) नाही, मित्राला चालवायला देणं तर अजिबात नाही. झालं की वरच्या गिअरात कमी आरपीएमवरून पूर्ण दाबून बघा, आरपीएमचा काटा चढला आणि स्पीड नाही चढला तर स्लिप होतोय.